हा धडा घरी वाचून या : २००७ची बंदी आणि संस्थांनी काढलेल्या वाटा

विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आला की सर खडू खाली ठेवायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "हा घरी वाचून या. परीक्षेला यातलं फारसं येत नाही." दुसऱ्या दिवशी थेट पुढचा धडा. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांकडे या प्रसंगाची आपापली आवृत्ती असते. मुलं तो धडा घरी वाचायची, आणि इतक्या मन लावून दुसरा कुठलाच वाचायची नाहीत, हे सरांनाही ठाऊक असायचं. मराठीच्या तासाला 'लिंग बदला' असा साधा व्याकरणाचा प्रश्न आला तरी मागच्या बाकांवर खसखस पिकते, तिथे या धड्याची काय कथा!

२००७ साली शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवून महाराष्ट्र सरकारनं या सरांसारखंच केलं. फरक एवढाच की सरांच्या वर्गात पन्नास मुलं होती आणि सरकारच्या वर्गात अख्खं राज्य.

किशोरवयीन मुलामुलींबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेबरोबर मी काही वर्षं फिरलो आहे. त्या फिरण्यात २००७चा विषय निघाला नाही असं क्वचितच झालं. म्हणून हे प्रकरण जरा नीट मांडून बघावंसं वाटलं.

काय आलं आणि कसं अडलं

केंद्राचं मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, यांनी २००५मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. नववी आणि अकरावीच्या मुलांसाठी वर्षाला १६ तास. शिक्षकांसाठी पुस्तिका, वर्गात दाखवायला चित्रांचा फ्लिपचार्ट. वयात येताना शरीरात होणारे बदल, पाळी, एचआयव्ही, मित्रांचा दबाव आला तर नाही कसं म्हणायचं, असे विषय. युनिसेफसारख्या संस्था पाठीशी होत्या.

कार्यक्रमाच्या मुळाशी एड्सची भीती होती. महाराष्ट्र तेव्हा देशातल्या एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या सहा राज्यांपैकी एक होता. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तामिळनाडू, मणिपूर आणि नागालँड ही बाकीची पाच. म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात जास्त, त्यांच्यापैकी आपण.

२००७च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गदारोळ सुरू झाला. चित्रं अश्लील आहेत, मुलं बिघडतील, ही पाश्चात्त्य थेरं आहेत. महाराष्ट्राच्या विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक अशा दोन्ही बाकांवरून आवाज उठला आणि सरकारनं कार्यक्रम थांबवला. मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान, छत्तीसगड, कर्नाटक आणि केरळ याच रांगेत होते.

ही यादी जरा थांबून वाचावी. मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान, छत्तीसगड इथे भाजपची सरकारं. कर्नाटकात जनता दल आणि भाजपचं संयुक्त. महाराष्ट्रात विलासराव देशमुखांचं काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार. आणि केरळात चक्क डावी आघाडी. सनातनी सरकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच झेंडा येतो. या प्रश्नावर मात्र सगळे झेंडे एका काठीला होते. संस्थांच्या दृष्टीनं ही फार मोठी अडचण होती, कारण एरवी एका पक्षानं दार लावलं की दुसऱ्याकडे जाता येतं. इथे जायचं कुणाकडे?

आणखी एक योगायोग. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं बालकांच्या छळाबद्दलचा देशपातळीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं. छळ करणारे बहुतेक ओळखीचे, विश्वासातले. एका मंत्रालयाचा अहवाल सांगत होता की मुलांना याबद्दल बोलायला शब्द हवेत, आणि त्याच महिन्यात राज्याराज्यांत ते शब्द असलेल्या पुस्तिका कपाटात चालल्या होत्या.

चूक कुठे झाली होती

बंदी घालणाऱ्यांना शिव्या घालून हे प्रकरण संपवता येत नाही, कारण कार्यक्रमातही गडबड होती, आणि ती मान्य करायला संस्थांमधले लोक खासगीत तयार असतात, जाहीरपणे कमी.

साहित्य वरून आलं. दिल्लीत तयार झालं, राज्यात उतरलं, जिल्ह्यात काही शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, त्या शिक्षकांनी पुढच्यांना सांगायचं. पाण्याचा टँकर गावात येईपर्यंत निम्मा गळावा तशी ही पद्धत. शेवटच्या शाळेत पुस्तिका पोचली तेव्हा ती हातात पडलेल्या गणिताच्या किंवा पीटीच्या सरांना स्वतःच्या बायकोशीही ज्या शब्दांत बोलायची सवय नव्हती, ते शब्द नववीच्या चाळीस मुलामुलींपुढे उच्चारायचे होते. त्यांनी हात वर केले तर नवल नाही.

पालकांना तर कुणी विचारलंच नव्हतं. मुलाच्या दप्तरात काय येणार आहे हे आईबापांना पहिल्यांदा कळलं ते पेपरातल्या बातमीतून किंवा आमदाराच्या भाषणातून. कुणीतरी फ्लिपचार्टचं एकच पान, तेही मागचं-पुढचं काढून, हवेत फडकवलं की अख्खा कार्यक्रम त्या पानाएवढा होतो. माझ्या मते बंदीची अर्धी तयारी या न विचारण्यानं आधीच करून ठेवली होती.

आणि एड्सच्या भीतीवर सगळं टेकवणं हेही महागात पडलं. जुलै २००७मध्ये देशातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज सुधारला गेला. ५० लाखांच्या वरचा आकडा एकदम २५ लाखांच्या आसपास आला. चांगलीच बातमी होती. पण मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल माहिती हवी याचं कारण तुम्ही एक रोग सांगितलं असेल, तर रोगाचा आकडा निम्मा झाला की कारणही निम्मं होतं.

राज्यसभेचा अहवाल

प्रकरण राज्यांतून दिल्लीला गेलं. शाळांतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्धचा एक अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीपुढे आला. समितीचे अध्यक्ष होते व्यंकय्या नायडू. २००९मध्ये समितीनं अहवाल दिला आणि त्यात काही आडपडदा ठेवला नाही. शाळेत लैंगिक शिक्षण नको. लग्नाआधी संबंध नकोत असा संदेश मुलांना द्यावा. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांचा भाग काढून जीवशास्त्राच्या पुस्तकात घालावा, तोही अकरावी-बारावीच्या आधी नाही. अभ्यासक्रमात संत-महात्मे आणि राष्ट्रपुरुषांची चरित्रं आणि शिकवण असावी.

अकरावीपर्यंत थांबा, या सूचनेशी एक आकडा ठेवून बघा. त्या काळच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे २००५-०६च्या, देशातल्या २० ते २४ वयाच्या ४७.४ टक्के बायकांची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधी लागली होती. यातल्या किती जणी अकरावीच्या जीवशास्त्राच्या तासाला हजर असतील?

पण अहवालातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. समितीचं म्हणणं असं की 'किशोरावस्था शिक्षण' हे हुशारीनं वापरलेलं सोवळं नाव आहे आणि खरा हेतू लैंगिक शिक्षण देण्याचा, स्वैराचार वाढवण्याचा आहे. स्वैराचाराचं सोडा, पण पहिला भाग खोटा नव्हता. कार्यक्रम आखणाऱ्यांनी 'लैंगिक' हा शब्द टाळला होता तो वाद टळावा म्हणून. वाद टळला नाही, उलट लपवाछपवीचा आरोप पदरात पडला. बंदीनंतर संस्थांनी जे केलं ते या धड्याच्या नेमकं उलटं होतं. त्यांनी आणखी नावं बदलली.

दार बंद, खिडकी उघडी

केंद्रानं आणि नॅकोनं साहित्य सुधारायला घेतलं. आक्षेपार्ह ठरलेली चित्रं गेली, बराचसा थेट मजकूर गेला. दिल्लीतल्या 'तारशी' या संस्थेनं, जी १९९६पासून लैंगिकतेवर फोनवरून माहिती आणि सल्ला देत होती, या सुधारित साहित्याची सविस्तर चिरफाड केली. दिल्लीतच 'द वायपी फाउंडेशन'च्या तरुण मुलामुलींनी आपल्या शरीराबद्दल जाणून घेणं हा आमचा हक्क आहे, अशी उघड भूमिका घेतली. सरकारशी थेट वाद घालणारी ही एक वाट.

महाराष्ट्रात वाट जास्त वळणांची होती. २००८मध्ये, म्हणजे बंदीला वर्ष होतंय तोवर, मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी 'जेम्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. स्त्रियांविषयी संशोधन करणारी आयसीआरडब्ल्यू, मुंबईतली कोरो ही सामाजिक संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेला. नावात लैंगिक शिक्षण नाही. विषय : मुलगा-मुलगी समानता, हिंसा, आणि त्याच ओघात शरीर, वयात येणं, आरोग्य. भांडी कोण घासतं, मारामारी कोण करतं, रडायची मुभा कुणाला, इथून सुरुवात. पुढे यातला बराच भाग राज्य सरकारनं मीना-राजू मंच या शाळांतल्या मुलामुलींच्या गटांमधून हजारो शाळांत नेला. ज्या सरकारी यंत्रणेनं एका नावाला दार लावलं होतं तिनंच दुसऱ्या नावाला सतरंजी अंथरली.

पुण्यात 'तथापि' ही संस्था 'शरीर साक्षरता' हा शब्द वापरत आली आहे. हा शब्द मला फार आवडतो. त्यात लाज नाही आणि दवाखान्याचा वासही नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची 'तारुण्यभान' शिबिरं. त्यांना 'सर्च' या बंग दाम्पत्याच्या आरोग्यसंस्थेच्या कामाचं पाठबळ होतं. राणी आणि अभय बंग यांनी १९८९मध्येच दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून दाखवलं होतं की ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे आणि बहुतेकींनी उपचार घेतलेले नाहीत. ज्या गावांना त्यांच्या बायकांच्या दुखण्याबद्दल कुणीतरी आधी विचारलेलं असतं, तिथे मुलांच्या शिबिराला विरोध करायला माणसं जरा बिचकतात. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठीची 'मैत्री क्लिनिक' होती, तीही अशीच एक खिडकी.

इथे एक विषयांतर. र. धों. कर्व्यांनी १९२७पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवर उघड लिहिणारं मासिक चालवलं ते याच मुंबईत. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड भरावा लागला. कर्व्यांनी कधी नाव बदललं नाही. त्याची किंमत नोकरीनं, पैशानं, एकाकीपणानं मोजली. संस्था कर्व्यांची तसबीर भिंतीवर लावतात आणि काम मात्र बरोबर उलट्या पद्धतीनं करतात. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. कर्वे मासिक काढत होते, त्यांना मुख्याध्यापकांची परवानगी लागत नव्हती.

नावाची किंमत

पुणे जिल्ह्यातल्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. आम्ही पोचलो तेव्हा मुख्याध्यापकांनी अभिप्राय वही पुढे केली आणि पेन हातात देण्याआधी विचारलं, "विषय काय लिहिताय?" आमच्याबरोबरच्या ताईंनी शांतपणे लिहिलं : हिमोग्लोबिन तपासणी व जीवनकौशल्ये. मुख्याध्यापक ते वाचून म्हणाले, "हां, हे बरंय." आत काय होणार हे त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त वहीत ते नको होतं, कारण वही केंद्रप्रमुख बघतात.

त्यांनी आम्हाला आदल्या महिन्यात पालकसभा घ्यायला लावली होती. आया सतरंजीवर, बाप दाराशी उभे, दोघे-तिघे मोटारसायकलवरून न उतरता. ताईंनी चित्रांचा संच सरळ एका आडदांड गृहस्थाच्या हातात दिला. "तुम्हीच बघा दादा, सगळी पानं." त्यांनी अंगठा जिभेला लावून एकेक पान उलटलं. मुलाच्या शरीराच्या चित्रापाशी थांबले. सगळी सभा त्यांच्याकडे बघतेय. मग म्हणाले, "हे शेवटी दाखवा. आधी दाखवलं तर पोरं पुढचं ऐकायची नाहीत." अध्यापनशास्त्राच्या दृष्टीनंही सल्ला पक्का होता, आणि ताईंनी पानांचा क्रम तिथल्या तिथे बदलला. २००७मध्ये दिल्लीहून निघालेल्या फ्लिपचार्टला ही पालकसभा कुठेच भेटली नव्हती.

तर नाव बदलल्यानं दार उघडतं हे खरं. पण नावाबरोबर आतला मजकूरही हळूहळू पातळ होतो. पहिल्या वर्षी 'जीवनकौशल्ये' हे पांघरूण असतं. पाचव्या वर्षी नवी आलेली कार्यकर्ती खरंच फक्त जीवनकौशल्येच शिकवत असते : ध्येय ठरवा, रागावर ताबा ठेवा, हात धुवा. पाळी आणि सॅनिटरी पॅड एवढं उरतं, कारण त्याला आता सरकारी योजना आहे आणि मंत्रीही त्याबद्दल बोलतात. मुलग्यांना तेवढ्या वेळात मैदानावर पाठवतात. गर्भनिरोधन, समलिंगी आकर्षण, संमती, सुख हे शब्द गळून जातात आणि कुणी ते काढून टाकले असंही नसतं. संस्थेचा वार्षिक अहवाल मात्र दरवर्षी लाभार्थ्यांची वाढती संख्या दाखवतो.

पैशाचं गणित वेगळं. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये बदल झाला आणि एका संस्थेनं घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. तालुक्यातल्या छोट्या गटांना शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळत ती नळी तिथेच कापली गेली. लैंगिक शिक्षणासाठी हा कायदा नव्हता, पण या विषयाला देशी देणगीदार आधीच कमी. शाळेला बेंच देणारा कारखानदार मुलांनी निनावी चिठ्ठ्या टाकायच्या प्रश्नपेटीसाठी पैसे देत नाही.

तिसरी अडचण कायद्याची, आणि ती सनातनी मंडळींनी घातलेली नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण दिलं, ते हवंच होतं. पण अठराच्या आतली कुठलीही संमती त्यात संमती नाही, आणि गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं कलम १९नुसार बंधनकारक. मुलीनं छळाबद्दल सांगितलं तर कळवायचं हे उघड. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्या मित्राबद्दल काही विचारू लागली तर? वर्गात उभी असलेली ताई तिला पुढचं वाक्य बोलू द्यायचं की मध्येच थांबवायचं, हे सेकंदभरात ठरवत असते.

आता

२०१४मध्ये दिल्लीत सरकार बदललं. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांच्या संकेतस्थळावरचं, तथाकथित लैंगिक शिक्षणावर बंदी घालावी असं सांगणारं टिपण गाजलं आणि त्यांना खुलासा करावा लागला की विरोध बीभत्सपणाला आहे, शिक्षणाला नाही. गंमत म्हणजे त्याच राजवटीत, फेब्रुवारी २०२०मध्ये, आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण, ११ विषय. त्यात पोषण, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर, स्त्री-पुरुष समानता, आणि नवव्या क्रमांकावर प्रजनन आरोग्य व एचआयव्ही. २००५च्या कार्यक्रमातलं बरंच काही त्यात आहे, पंगतीत मधोमध बसवलेलं, कुणाचं लक्ष जाणार नाही असं. कोविडमुळे शाळाच बंद झाल्या, तेव्हा त्याचा वाद व्हायलाही सवड मिळाली नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबद्दलच्या निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत मांडली. ही पाश्चात्त्य कल्पना आहे, यानं मुलं बिघडतात, हे गैरसमज आहेत असं म्हटलं आणि झारखंडच्या 'उडान' कार्यक्रमाचं उदाहरण दिलं. 'उडान' हाही २००६च्या सुमाराचाच. तिथे राज्य सरकार आणि एका संस्थेनं हात न सोडता वर्षानुवर्षं काम केलं, मधल्या काळात सरकारं बदलली तरी. म्हणजे २००७मध्ये सगळीकडेच दार बंद व्हायला हवं होतं असं काही नव्हतं.

त्या गावच्या शाळेत दुपारी प्रश्नपेटी उघडली. पेटी म्हणजे बुटांचं खोकं, वर चिरलेली फट. चिठ्ठ्या इतक्या बारीक घड्या घातलेल्या की उलगडायला नखं लागत होती. मुलग्यांच्या बहुतेक रात्री कपडे ओले होण्याबद्दल आणि त्यानं ताकद जाते का याबद्दल. मुलींच्या पाळीत लोणच्याला हात लावण्याबद्दल, पांढरं जाण्याबद्दल. ताई एकेक वाचून साध्या शब्दांत उत्तर देत होत्या, वर्ग आधी हसत होता, मग हसायचा थांबला. एक चिठ्ठी मात्र त्यांनी वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. नंतर मला दाखवली. निळ्या शाईत, एकच ओळ : "मॅडम कोणाला सांगणार नसाल तर सांगते."

असं वचन त्यांना देता येत नव्हतं. त्यांनी फळ्यावर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर लिहिला, तो कशाचा ते सांगितलं. मग म्हणाल्या, "कुणाला काही बोलायचं असेल तर मी व्हरांड्यात बसलेय. मी ऐकेन. एखादी गोष्ट मला पुढे सांगावी लागली तर ती कुणाला आणि का सांगणार, ते आधी तुम्हाला सांगेन." शाळा सुटली. मुख्याध्यापकांनी चहा पाठवला. आमची एसटी साडेतीनची होती. ती गेली. ताईंनी दुसरा चहा घेतला आणि म्हणाल्या, पाचची आहे.